विहीर कोणाची?

मित्रहो, मागच्या वेळी आपण लॉकपर्यंत आलो होतो. माणूस आपले श्रम एखाद्या वस्तूत मिसळतो आणि ती त्याची होते, असं तो म्हणतो. पण लॉकच्या डोळ्यांसमोर कुणाचीच नसलेली जमीन आहे. आपल्या बुलढाण्यात ती कुठून आणायची? इथे आजोबा गेले की सातबाऱ्यावर पाच-सात नावं चढतात!

समजा, चिखलीकडचं सहा एकर सामाईक शेत आहे. भाऊ गावात राहिला. त्यानं विहीर खोदली, पाइपलाइन टाकली. पुढे बहिणीनं हिस्सा मागितला. 2005च्या दुरुस्तीनं मुलगीही जन्मतःच सहदायाद आहे. त्या वेळी वडील हयात नसले तरी, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. भाऊ म्हणतो, "कोरडवाहूच्या भावानं हिस्सा घे, पाणी माझं." बहीण विचारते, "विहिरीला पैसा कुठला? याच शेतातल्या सोयाबीनचा ना?"

हा प्रश्न जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरेत विज्ञानेश्वर सांगतो, की एकत्र असताना एकानं शेती-व्यापार करून सामाईक धन वाढवलं, तरी वाटणी सारखीच. मात्र हातची गेलेली वडिलोपार्जित जमीन एकट्यानं सोडवून आणली, तर त्याला चौथा भाग जास्तीचा. म्हणजे वाढवणं वेगळं आणि वाचवणं वेगळं.

आजचा कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 याचं 51वं कलम, जमीन आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीनं खर्च करणाऱ्या खरेदीदाराला सांभाळून घेतं. भावाला तर बहीण आहे हे माहीतच असतं! तरी वाटप करताना कोर्ट शक्यतो विहिरीचा तुकडा खोदणाऱ्याच्या वाट्याला घालतं. शक्यतो, बरं का. हक्क म्हणून नव्हे.

आता घरचंच सांगतो. मी नोकरीनिमित्त बाहेर होतो. दादांनी विचारलं, "विहीर अजून दहा हात खोल करू का रे?" मी म्हणालो, "करा की, विचारता कशाला!" तेव्हा मला ते मोठं मन वाटलं होतं. दादा गेल्यावर पुतण्या वही घेऊन आला. माझं ते "करा की" म्हणजे नेमकं काय होतं? संमती, की निम्म्या खर्चाची हमी? जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या मला उत्तर देता येईना.

वहीत सुरुंगाचा खर्च होता, मजुरी होती. दादा स्वतः उन्हाळाभर विहिरीवर उभे राहिले, त्याचा आकडा कुठेच नव्हता. मी निम्मे पैसे दिले. पुतण्यानं ते मोजून घेतले आणि चहा न घेताच गेला.