पांढऱ्या घोड्यांची काळी शिंगरं

पीबरच्या कुरणात पांढरं शिंगरू शोधायला जाऊ नये. घोडी पांढरीशुभ्र असते, पण तिच्या पोटाशी उभं असलेलं पोर काळंभोर, नाहीतर गडद तपकिरी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे दुसऱ्याच कुणाचं चुकून इथे आलं असावं. हा गडद रंग जायला सहा ते दहा वर्षं लागतात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये झुंबरांखाली तालावर पावलं टाकणारे लिपिझ्झानर घोडे ते हेच. व्हिएन्नात त्यांना स्वार शिकवतात. पण त्याआधीची साडेतीन वर्षं त्यांना कळप शिकवतो, आणि ती शाळा पीबरला भरते.

ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतात, ग्राझ शहराच्या पश्चिमेला कोफ्लाख हे एकेकाळचं कोळसा खाणींचं गाव आहे. पीबर त्याच्या शेजारीच. गावात पिवळसर भिंतींचा जुना वाडा, भोवती पागा आणि उतारावर पसरलेली कुंपणाची कुरणं. १७९८ साली इथे लष्करासाठी घोड्यांची पैदास सुरू झाली. लिपिझ्झानर मात्र नंतर आले. त्यांचं मूळ गाव लिपित्सा, आजच्या स्लोव्हेनियात. आर्चड्यूक कार्ल याने १५८० मध्ये तिथे ही पैदास सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य फुटलं, तशी घोड्यांचीही वाटणी झाली. ऑस्ट्रियाच्या वाट्याचे घोडे १९२० मध्ये पीबरला पोहोचले. दुसऱ्या महायुद्धात त्यांना बोहेमियातल्या होस्टाऊला हलवलं, १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने तिथून बाहेर काढलं, आणि १९५२ मध्ये ते पीबरला परतले. २०२२ मध्ये युनेस्कोने लिपिझ्झानर पैदाशीची परंपरा आठ देशांचा सामायिक वारसा म्हणून आपल्या यादीत घेतली.

हा इतिहास वाड्यात ऐकायला मिळतो. मला ओढ आहे ती कुरणाची.

शिंगरू साधारण सहा महिने आईजवळ राहतं. मग ते तुटतं, पण एकटं पडत नाही. बरोबरची सगळी शिंगरं एकत्र ठेवली जातात आणि आईविना पहिल्या रात्री ती एकमेकांना चिकटून काढतात. वर्षाची झाली की नर आणि माद्या वेगळ्या होतात, कारण शिंगरं वयात लवकर येतात. इथून पुढे नरांचा कळप ही वेगळीच दुनिया.

कुंपणाशी अर्धा तास शांत उभं राहिलं तरी बरंच दिसतं. दोन जण समोरासमोर येतात, मानेवर मान घासतात, एकमेकांच्या गुडघ्याशी तोंड नेतात. ही कुस्तीतली खडाखडी. एकाने गुडघा वाचवायला पाय मुडपला की दुसरा मागच्या पायांवर उभा राहतो, मग दोघंही उभे. क्षणभराने खाली येतात आणि शेजारी शेजारी चरायला लागतात. इतक्यात एखादं लहान पोर थोराड नराच्या वाटेत येतं. मोठा फक्त कान मागे पाडतो. लहान मान पुढे लांबवतं, ओठ मागे ओढतं आणि दातांवर दात आपटत तोंडाची उघडझाप करतं. ‘मी लहान आहे, मारू नका’ याला घोड्यांच्या भाषेत याहून स्वच्छ शब्द नाही. मोठा मान फिरवतो. विषय संपला.

चावा किती जोरात घ्यायचा, समोरच्याचे कान काय सांगतायत, कुठे माघार घ्यायची, हे सगळं इथे मुरतं. एकट्या, माणसांच्याच लाडात वाढलेल्या नराला हे कुणी शिकवत नाही. तो माणसालाच आपल्या बरोबरीचं शिंगरू समजतो, आणि चार-पाचशे किलोंचं जनावर खेळायला अंगावर आलं तर हाडं मोडतात. अशा घोड्याला पुढे खोडकर, मारका म्हणून नावं ठेवली जातात. दोष त्याचा नसतो, त्याला कळप मिळालेला नसतो.

पीबरला या पोरांना माणसाचा हात लागत नाही असं नाही. मोरखी चढवून घेणं, खूर तासायला पाय उचलून देणं, एवढी सवय लहानपणीच लावतात. पाठीवर मात्र कुणी बसत नाही.

उन्हाळ्यात कळप डोंगरावर जातो. श्टुबआल्म नावाची ही कुरणं साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहेत. जमीन खडकाळ, चढउताराची, हवा पहाटे बोचरी आणि दुपारी वादळी. शिंगरांना दिवसभर पाय बघून टाकावा लागतो. त्यातून खूर टणक होतात, सांधे आणि छाती भक्कम होते, तोल अंगात भिनतो. पुढे व्हिएन्नात मागच्या पायांवर बसून पुढचं अंग उचलायचा ‘लेवाद’ किंवा उंच उडी घेऊन हवेतच मागचे पाय झाडायचा ‘काप्रिओल’ हा घोडा करील, त्याची बीजं या दांडगाईतच आहेत. स्वार त्याला वळण देतो, उडी मूळची कुरणातली.

साडेतीन वर्षांनी निवड होते आणि निवडलेले नर प्रशिक्षणाला रवाना होतात. प्रत्येकाचं नाव दुहेरी: आधी बापाच्या घराण्याचं, मग आईचं. प्लुटो, कोन्व्हेर्सानो, नेआपोलितानो, फाव्होरी, माएस्टोसो आणि सिग्लाव्ही ही सहा घराणी. या घोड्यांची चाल पक्की व्हायला आणखी कित्येक वर्षं जातात आणि त्यातले बरेच विशी ओलांडूनही रिंगणात उतरतात. बालपणी घाई केली असती तर हे पाय इतके टिकले नसते, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडून युरोपला जाणारी मंडळी व्हिएन्नात एक खेळ पाहून पुढे निघतात. त्यांनी ग्राझमार्गे पीबरसाठी एक दिवस राखून ठेवावा. वसंतात आयांमागे पळणारी काळी शिंगरं दिसतात, सप्टेंबरात डोंगरावरून गावात उतरणारा नरांचा कळप. यातलं एकच जमणार असेल, तर सप्टेंबर धरा.