सिरॅमिक नॉनस्टिक: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

नॉनस्टिक तवा मराठी घराला नवा नाही. १९६८ साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, भोगले कुटुंबाने ‘निर्लेप’ सुरू केली आणि घावन, आंबोळी, थालीपीठ तव्याशी झटापट न करता निघू लागलं. २०१८ मध्ये ही कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सकडे गेली. आता वांद्र्याच्या हिल रोडला किंवा बाजार रोडला भांडी घ्यायला गेलात, तर काळ्या तव्यांच्या शेजारी पांढरे, पिस्ता रंगाचे सिरॅमिक पॅनही दिसतात. किंमत जास्त असते आणि वेष्टनावरचे दावे त्याहून मोठे. त्या दाव्यांमुळे आणि ऐकीव माहितीमुळे पसरलेले सात गैरसमज इथे तपासून पाहू.

गैरसमज १: सिरॅमिक पॅन म्हणजे मातीचं भांडं

वस्तुस्थिती: वांद्र्याहून खाडी ओलांडली की धारावीचा कुंभारवाडा लागतो. तिथल्या भट्टीतून निघणारा माठ आतून-बाहेरून मातीचा असतो. दुकानातला सिरॅमिक पॅन मात्र बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा असतो. त्याच्यावर सिलिकाचा, म्हणजे वाळूत असतं त्याच द्रव्याचा, पातळ थर द्रवरूपात फवारून भट्टीत पक्का करतात. या पद्धतीला ‘सोल-जेल’ म्हणतात आणि थराची जाडी काही दशांश मिलिमीटरही भरत नाही. नुसता सिलिका निसरडा नसतो, म्हणून त्यात सिलिकॉनच्या जातीचे सेंद्रिय घटक मिसळलेले असतात. पदार्थ चिकटत नाही तो त्यांच्यामुळे. तेव्हा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ ही जाहिरातीची भाषा झाली. मातीच्या भांड्याचे गुण या पॅनला लावू नका आणि त्याच्यासारखं टिकेल अशी अपेक्षाही ठेवू नका.

गैरसमज २: काळं नॉनस्टिक म्हणजे विष, सिरॅमिक म्हणजे अमृत

वस्तुस्थिती: काळ्या तव्यावरचा थर पीटीएफईचा असतो. रॉय प्लंकेट यांना हा पदार्थ १९३८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत योगायोगाने सापडला आणि ‘टेफ्लॉन’ या नावाने जगभर पसरला. पक्का झालेला पीटीएफई शरीरात विरघळत नाही. त्याचा कण चुकून पोटात गेला, तर तसाच बाहेर पडतो. वाद पेटला तो पीटीएफई बनवताना वापरल्या जाणाऱ्या पीएफओए या रसायनावरून. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर बंद केला, २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराने त्याला बंदीच्या यादीत टाकलं आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं.

स्वयंपाकघरात खरा धोका जास्त तापवण्यात आहे. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे पीटीएफईचा थर बिघडू लागतो आणि तापमान आणखी चढलं की त्याच्या वाफा निघतात. माणसाला त्यांनी तापासारखी लक्षणं होतात, पिंजऱ्यातला पोपट किंवा लव्हबर्ड मात्र दगावू शकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत नॉनस्टिक भांडी १७० अंशांच्या वर नेण्याबद्दल सावध केलं आहे.

मोठं नुकसान होतं ते कारखान्याच्या परिसरात. पीएफओए ज्या रसायनांच्या कुळातलं आहे त्याला पीएफएएस म्हणतात. ही रसायनं निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या मितेनी या कारखान्यामुळे आसपासच्या लोकांचं पिण्याचं पाणी अशा रसायनांनी दूषित झालं आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तिची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून पीएफएएस घातलेली स्वयंपाकाची भांडी विकायला बंदी केली. सिरॅमिक निवडण्याचं सगळ्यात सबळ कारण हे प्रदूषणच आहे. पण घरातला चांगल्या स्थितीतला काळा तवा भीतीपोटी आजच फेकायची गरज नाही. तो मंद ते मध्यम आचेवर वापरा, एवढं पुरे.

गैरसमज ३: ‘पीएफओए-विरहित’ लिहिलंय म्हणजे सिरॅमिकच

वस्तुस्थिती: पीटीएफईच्या तव्यावरही ही चिठ्ठी लावता येते आणि ती खोटीही नसते, कारण उत्पादकांनी पीएफओएऐवजी दुसरी रसायनं वापरायला सुरुवात केली आहे. ‘ग्रॅनाइट’, ‘स्टोन’, ‘मार्बल’ या नावांनीही फसू नका. त्यात दगड नसतो, ठिपकेदार रंग असतो आणि खालचा थर अनेकदा पीटीएफईचाच असतो. वेष्टनावर ‘पीटीएफई-विरहित’ किंवा ‘पीएफएएस-विरहित’ हे शब्द शोधा. ते नसतील तर दुकानदाराला सरळ विचारा.

गैरसमज ४: सिरॅमिक कितीही तापवलं तरी चालतं

वस्तुस्थिती: ४०० अंशांच्या पुढेही चालेल, असे आकडे काही कंपन्या छापतात. त्याचा अर्थ इतकाच, की त्या तापमानाला थरातून पीटीएफईसारख्या वाफा निघत नाहीत. निसरडेपणा टिकेल, असा मात्र त्याचा अर्थ नाही. ज्या सेंद्रिय घटकांमुळे पदार्थ सुटतो, तेच मोठ्या आचेवर आधी जळून संपतात. मोठ्या बर्नरवर रिकामा पॅन ठेवून फोनवर बोलत बसलात, तर काही मिनिटांत तो २५० अंशांच्या वर जातो. असं वारंवार झालं, की नव्या पॅनलाही अंडं चिकटू लागतं. चपाती, भाकरी आणि खमंग भाजणं ही कामं लोखंडी किंवा बिडाच्या तव्याची. सिरॅमिक पॅन गरम असताना नळाखाली धरू नका, थराला बारीक तडे जातात. ज्वाला पॅनच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर कडा आधी काळ्या पडतात.

गैरसमज ५: सिरॅमिकला तेल लागतच नाही

वस्तुस्थिती: लागतं, फक्त कमी. वांद्र्याच्या चिंबईतल्या कोळणीकडून आणलेले ओले बोंबील कोरड्या सिरॅमिकवर टाकले, तर ते थराला धरतात. वजनाखाली दाबून पाणी काढा, रवा लावा, मध्यम आचेवर चमचा-दोन चमचे तेलात टाका आणि एक बाजू पूर्ण होईपर्यंत उलथनं लावू नका. लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथनं वापरा. सिलिकाचा थर कडक असतो पण ठिसूळही असतो, त्यामुळे स्टीलच्या उलथन्याच्या कडेने त्याचे टवके उडतात. आंबटाची मात्र भीती नाही. चिंच, कोकम, टोमॅटो लोखंडाशी आणि उघड्या ॲल्युमिनियमशी झगडतात, अखंड सिरॅमिक थराशी नाही.

गैरसमज ६: काळपट झाला म्हणजे पॅन गेला

वस्तुस्थिती: हळदीचा किंवा बाटली मसाल्याचा पिवळा डाग निव्वळ दिसण्याचा प्रश्न आहे. चिकटपणा येतो तो बहुतेकदा जळालेल्या तेलाच्या तपकिरी पापुद्र्यामुळे. तो पापुद्रा खऱ्या थरावर बसतो आणि निसरडेपणा झाकून टाकतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवा, ते पॅनवर लावून अर्धा तास ठेवा आणि मऊ स्पंजने हलकेच चोळा. अनेक ‘मेलेले’ पॅन यानंतर पुन्हा चालू होतात. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने जातात.

धुण्याच्या बाबतीत मुख्य शत्रू आहे तारेची घासणी आणि खरखरीत पावडर. घरात भांडी घासायला मावशी येत असतील, तर पहिल्याच दिवशी त्यांना वेगळा स्पंज दाखवा. पॅनवर ‘डिशवॉशर-सेफ’ लिहिलेलं असलं, तरी हातानेच धुवा. त्या यंत्रातली डिटर्जंट अल्कधर्मी असतात आणि सिलिकाला हळूहळू खातात. वांद्र्यातल्या लहान स्वयंपाकघरात भांडी एकात एक रचावीच लागतात, तेव्हा दोन पॅनमध्ये जुन्या साडीचा तुकडा घाला.

गैरसमज ७: महाग घेतला म्हणजे आयुष्यभराचा झाला

वस्तुस्थिती: सिरॅमिकचा निसरडेपणा साधारणपणे एक ते तीन वर्षं टिकतो. या बाबतीत पीटीएफई त्याच्या पुढे आहे. पितळी पातेल्याच्या कल्हईसारखा हा झिजणारा थर आहे, फरक एवढाच की तो पुन्हा चढवून देणारा कल्हईवाला दारावर येत नाही. बारीक रेघा पडल्या म्हणून पॅन टाकायचं कारण नाही. थर सोलून खालचं ॲल्युमिनियम दिसू लागलं, की मात्र त्यात आमटी-रस्से शिजवणं थांबवा आणि पॅन भंगारात द्या.

घेताना काय पाहाल?

पॅन हातात घेऊन वजन बघा. जाड बुडाचा पॅन सारखा तापतो आणि मध्येच करपवत नाही. इंडक्शन असेल तर बुडाला लोहचुंबक लावून पाहा. निव्वळ ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही आणि असा पॅन इंडक्शनवर तापतही नाही. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला आहे, ते चिन्ह शोधा. हँडलचे रिवेट घट्ट आहेत का, तेही तपासा.

सात-आठ भांड्यांचा संच घेऊ नका. अंडी, घावन, मासे आणि पनीर यांच्यासाठी एक मध्यम आकाराचा सिरॅमिक पॅन घ्या, भाकरीला लोखंडी तवा ठेवा आणि आमटी-भाजीला स्टीलची पातेली. सिरॅमिक सुरक्षित आहे पण अल्पायुषी आहे, हे धरूनच पैसे मोजा.