टूरिंग मोटारसायकल

टूरिंग मोटारसायकल म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेली अथवा त्यासाठी सज्ज केलेली मोटारसायकल होय. मोठी इंधनटाकी, वाऱ्यापासून संरक्षण देणारी काच, दोघांना ताठ बसता येईल असे आसन, सामानाच्या पेट्या लावण्याची सोय आणि कमी फेऱ्यांवरही भरपूर जोर देणारे इंजिन ही तिची प्रमुख लक्षणे आहेत. या सोयींमुळे गाडीचे वजन वाढते. रस्त्यावर वेगात धावताना गाडीची जडपणाची जाणीव कमी होते. मात्र ती उभी असताना, वळवताना किंवा मंद गतीने चालवताना तेच वजन अडचणीचे ठरते. नव्या गाडीची किंमत अधिक असल्याने अनेक चालक या प्रकारातील पहिली गाडी वापरलेलीच घेतात. त्यामुळे वापरलेल्या गाडीची पारख आणि जड गाडीची सवय हे दोन विषय बहुधा एकत्रच समोर येतात.

इतिहास

अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९६५ साली विजेवर सुरू होणारी इलेक्ट्रा ग्लाइड बाजारात आणली. होंडा कंपनीची गोल्ड विंग ही गाडी १९७४ साली जर्मनीतील कोलोन येथील प्रदर्शनात प्रथम दाखवण्यात आली. तिला ९९९ घन सेंमी क्षमतेचे, पाण्याने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन होते आणि मागील चाकाला साखळीऐवजी दांड्याने गती मिळत असे. या गाडीच्या पुढील आवृत्त्या सहा सिलिंडरच्या झाल्या व त्यांना उलट दिशेने सरकण्याचीही सोय देण्यात आली. माणसाच्या बळाने गाडी मागे ढकलणे कठीण व्हावे, इतके वजन वाढल्याचा हा परिणाम होय.

दूरच्या प्रवासाला नवीच गाडी लागते असे नाही. एल्स्पेथ बेअर्ड या ब्रिटिश स्थापत्यविशारद महिलेने १९८२ मध्ये सुरू केलेली जगप्रदक्षिणा बीएमडब्ल्यूच्या आर ६०/६ या १९७४ सालच्या, वापरलेल्या मोटारसायकलवर पूर्ण केली.

भारतात रॉयल एन्फील्डची बुलेट ही दीर्घकाळ दूरच्या प्रवासाची गाडी मानली गेली. पुढे २०१६ साली त्याच कंपनीची हिमालयन आणि बजाजची डोमिनार ४०० या गाड्या आल्या.

वजन आणि तोल

शंभर ते सव्वाशे घन सेंमीच्या नेहमीच्या प्रवासी मोटारसायकली साधारणपणे ११० ते १२५ किलो वजनाच्या असतात. बुलेट, हिमालयन किंवा डोमिनार यांचे वजन १८० ते २०० किलोंच्या आसपास भरते. रॉयल एन्फील्डची सुपर मीटिऑर ६५० सुमारे २४० किलोंची आहे, तर गोल्ड विंगच्या मोठ्या आवृत्त्या ३५० किलोंच्या पुढे जातात.

उभ्या गाडीचे वजन जोवर चाकांच्या रेषेत असते, तोवर ते चालकाला जाणवत नाही. गाडी कलू लागली की भार झपाट्याने वाढतो. गाडी २०० किलोंची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि हँडल एक मीटर उंच आहे असे धरल्यास, ५ अंश कललेली गाडी सावरण्यासाठी हँडलपाशी सुमारे ९ किलोंचा जोर लागतो. १५ अंशांना तो सुमारे २६ किलो आणि ३० अंशांना ५० किलो होतो. म्हणून कल सुरू होताच गाडी सावरणे सोपे असते. एका मर्यादेपलीकडे मात्र बळकट माणसालाही ती धरून ठेवता येत नाही. उंचावर बांधलेले सामान गुरुत्वमध्य वर नेते व ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते.

वापरलेल्या गाडीची पारख

गाडी शक्यतो दिवसाच्या उजेडात आणि इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातील अडचण लपवू शकते. बाह्य चकाकीपेक्षा वजन पेलणारे भाग अधिक लक्षपूर्वक तपासावेत.

पुढील फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ असल्यास सील गेलेले असतात. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे व हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मध्यभागी ते खाचेत अडकल्यासारखे वाटल्यास हँडलखालचे बेअरिंग झिजलेले असते. मागचे चाक आडवे हलवून पाहिल्यास त्याच्या आधाराच्या भुजेतील ढिलेपणा कळतो. मागील कॅरिअर जेथे सांगाड्याला जोडलेला असतो, तेथे तडे अथवा नव्या वेल्डिंगच्या खुणा आहेत का हे पाहणे आवश्यक आहे, कारण सामानाचा भार वर्षानुवर्षे तेथेच पडत असतो. क्लच व ब्रेकच्या लिव्हरची घासलेली टोके, वाकलेले पाय-खुंट आणि हँडलची वळण्याची मर्यादा ठरवणारा दबलेला अडथळा या पूर्वी पडलेल्या गाडीच्या खुणा होत.

टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होऊन पकड गमावते. भारतात १२५ घन सेंमीवरील नव्या दुचाकींना चाक जखडण्यास प्रतिबंध करणारी ब्रेक प्रणाली, म्हणजे एबीएस, एप्रिल २०१९ पासून सर्वत्र अनिवार्य झाली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांमध्ये ती नसते. जुन्या बुलेटमध्ये गिअर उजव्या पायाकडे व मागचा ब्रेक डाव्या पायाकडे असे. आजच्या गाड्यांची सवय असलेल्या चालकाने हा फरक विसरता कामा नये.

मालकीचे हस्तांतरण

नोंदणी पुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ लागतो. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरले जातात आणि गाडी दुसऱ्या राज्यातील असल्यास नमुना २८ नुसार ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. परराज्यातील गाडी स्वस्त वाटली, तरी नव्या राज्यातील कराची रक्कम तिच्या किमतीत धरणे योग्य. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवायचे असते.

ही केवळ औपचारिकता नव्हे. नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ सालच्या निकालात स्पष्ट केले. म्हणजेच गाडी विकूनही नाव न बदलल्यास अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते. विमा कंपनीलाही खरेदीदाराने १४ दिवसांत कळवणे अपेक्षित आहे. तसे न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो.

जड गाडीची सवय

ब्रिटनमध्ये दुचाकीचे परवाने इंजिनाच्या शक्तीनुसार टप्प्याटप्प्याने दिले जातात. भारतात गिअरच्या मोटारसायकलचा एकच परवाना हलक्या व जड अशा दोन्ही गाड्यांना चालतो. त्यामुळे मधली पायरी चालकाला स्वतःच घालून घ्यावी लागते.

सुरुवातीचा सराव मोकळ्या मैदानात, सामान व सहप्रवासी न घेता करावा. मंद गतीत क्लच अर्धवट सोडून, मागील ब्रेक हलका दाबून व नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवून गाडी वळवली जाते. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबणे हे गाडी जागीच आडवी होण्याचे नेहमीचे कारण आहे. वेगात मात्र वळण घेण्याची रीत वेगळी असते: उजवीकडे वळण्यासाठी हँडलची उजवी बाजू हलकेच पुढे ढकलली की गाडी उजवीकडे कलते. हलक्या गाडीवर ही क्रिया नकळत घडते, जड गाडीवर ती जाणीवपूर्वक करावी लागते.

घाट उतरताना वजनामुळे ब्रेक अधिक तापतात. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरून इंजिनाचा रोध वापरावा. सहप्रवासी व सामान घेतल्यावर टायरमधील हवा आणि मागील शॉकअब्सॉर्बरचा ताण उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे वाढवणे आवश्यक असते. गाडी उभी करताना उताराची दिशा आधी पाहावी. नाक उताराकडे करून लावलेली गाडी मागे ओढून काढणे एकट्याला अनेकदा अशक्य होते.

पडत असलेली गाडी हाताने अडवण्याचा प्रयत्न केल्यास पाठीला व पायाला इजा होते. एका मर्यादेनंतर तिला सोडून बाजूला होणेच सुरक्षित. पडलेली गाडी उचलण्यापूर्वी इंजिन बंद करून ती गिअरमध्ये ठेवावी आणि उजवीकडे पडली असल्यास साइड स्टँड आधीच उघडावा. त्यानंतर आसनाला पाठ टेकवून, एका हाताने हँडल व दुसऱ्याने सांगाडा धरून, पाठ सरळ ठेवत लहान पावलांनी मागे सरकल्यास पायांच्या बळावर गाडी उभी राहते. लांबच्या प्रवासात मदत वेळेवर मिळेलच असे नसल्याने निघण्यापूर्वी ही कृती जाणकाराच्या उपस्थितीत करून पाहणे इष्ट ठरते.