पुढच्या चाकातली टकटक

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून टकटक असा आवाज येऊ लागला. गाडी जुनी. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण इतकी वर्षे धावलेल्या गाडीची झीज हा काही कंपनीचा दोष नव्हे. शिवाय मारुंजीचे रस्ते. लक्ष्मी चौकातून घराकडे वळले की बांधकामावरचे मिक्सर, पाण्याचे टँकर आणि सोसायटीगणिक एक गतिरोधक. पुढे डावीकडे आई बसते. ती म्हणे, "अरे, माझ्या पायाखाली कोणी हातोडी मारतंय."

थोडी घाई होती. २५ डिसेंबरला आईला देहूरोडला न्यायचे होते. १९५४ साली त्याच तारखेला परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. आईचे वडील त्या दिवशी तेथे हजर होते, असे ती सांगते. एकही वर्ष तिने चुकवलेले नाही. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून गाडी.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी गल्लीत एक चक्कर फिरवली आणि "शॉकअप गेले" असे सांगितले. शॉकअपची जोडी बदलली. आवाज तसाच. दुसऱ्याने लोअर आर्म बदलला आणि "आठ दिवस चालवा, बसेल" असे म्हणाला. आठ दिवसांनी आवाज तसाच, खिसा मात्र बसला. त्या महिन्यात मुलाच्या क्लासची फी थकली, हेही लिहून टाकतो.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, अनुभवाला लावून पहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हे आम्ही विहारात कितीदा ऐकले आहे! आणि गॅरेजात मात्र मिस्त्री म्हणाला एवढ्यावर पैसे मोजले.

शेवटी आमची पुतणी मदतीला आली. ती आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकचा कोर्स करते. तिने गाडीला हात लावण्याआधी वही काढली. "काका, आवाज कधी येतो? ब्रेक लावताना, वळताना, की खड्ड्यात? वेग किती असतो? एकच चाक चढल्यावर येतो की दोन्ही?" आम्हाला एकाचेही धड उत्तर देता येईना. मग ती शेजारी बसली आणि आम्ही अर्धा तास कासारसाईच्या बाजूला गाडी हाकली. निघण्यापूर्वी तिने डिकीतली स्टेपनी, जॅक आणि पान्हे बाहेर काढून ठेवले. निम्मी खडखड तिथलीच असते, असे तिचे म्हणणे.

आवाजाला जात नसते, पण जागा असते. छोट्या खाचखळग्यांवर हळू वेगात टकटक होत असेल तर लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बारचे रबरी बुश पहावे. मोठ्या खड्ड्यात धप्प असा आवाज येत असेल तर शॉकअप किंवा त्याचे वरचे माउंटिंग. ब्रेक लावताना किंवा गाडी सुटताना एकदाच ठक झाले तर लोअर आर्मचे बुश. जागेवर स्टिअरिंग फिरवताना करकर झाली तर माउंटिंगचे बेअरिंग. पूर्ण वळणावर कटकटकट आले तर तो ॲक्सलचा जॉइंट. आणि खडबडीत रस्त्यावर ब्रेकला पाय नुसता टेकवताच आवाज थांबला, तर सस्पेन्शन सोडा, ब्रेकचे कॅलिपर आणि पॅड पहा.

आमचा आवाज पहिल्या प्रकारचा निघाला. एकच चाक चढले की टकटक, दोन्ही चाके गतिरोधकावर एकदम चढली की जवळजवळ गप्प. तरी पुतणीने चाक जॅकवर घेऊन खाली घोडी लावली. (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये.) चाक वर-खाली धरून हलवले. असे हलले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट समजावा. कोणी ब्रेक दाबून धरल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवले. तो खेळ टाय रॉड एंडचा. कुठेच खेळ नव्हता.

"इथंच दोघं फसले," ती म्हणाली. स्टॅबिलायझर बार ही दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. वळणावर गाडी कलू नये म्हणून ती असते, आणि तिची टोके लिंक रॉडने दोन्हीकडे बांधलेली असतात. एकच चाक उचलले की ही दांडी पिळली जाते, लिंक ताणला जातो आणि त्याचा ढिलेपणा लपतो. म्हणून तिने गाडी खाली उतरवली. दोन्ही चाके जमिनीवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. आम्हाला गाडी आडवी हलवायला लावली आणि स्वतः चाकामागून हात घालून लिंक रॉडचा सांधा बोटांनी धरला. "काका, या, हात लावा." खरोखर, प्रत्येक हेलकाव्याला बोटांना टक् असे लागत होते. रबरी टोपी फाटून आत माती गेली होती, ग्रीस वाहून गेले होते.

दोन्ही बाजूंचे लिंक बदलले. शॉकअपच्या जोडीला गेले त्याच्या दहाव्या हिश्श्यातही काम झाले नाही असे नाही, झालेच. लोअर आर्म नवा घातला होता म्हणून तिने त्याच्या बुशचे बोल्टही सैल करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळले. चाक लोंबकळत असताना आवळले की रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नंतर अलाइनमेंट करून घेतले.

लिंक रॉडची टकटक थोडे दिवस चालवून घेता येते. बॉल जॉइंटचे मात्र तसे नाही. तो निसटला तर चाक बाहेर दुमडते आणि गाडी हातात राहत नाही. बॉल जॉइंटमध्ये खेळ दिसला तर गाडी त्याच जागी उभी करावी आणि मिस्त्रीला घरी बोलवावे. टाय रॉड एंडचेही तेच.

२५ तारखेला सकाळी निघालो. आई पुढे, पुतणी मागे, मांडीवर फुलांची पिशवी. देहूरोड येईपर्यंत आई दोनदा म्हणाली, "आज कसं शांत वाटतंय रे." रांगेत उभे असताना शेजारच्या एका दादांनी त्यांच्या गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवला. पुतणीने पिशवीतून वही काढली.