शिक्षक-प्रशिक्षण, संगणकीय

शिक्षक-प्रशिक्षण, संगणकीय : वर्गाध्यापन, मूल्यमापन आणि शालेय नोंदी या कामांत संगणकाचा डोळसपणे उपयोग करता यावा, म्हणून भावी व सेवेतील शिक्षकांना दिले जाणारे शिक्षण. संगणकशास्त्र हा विषय शिकविणाऱ्या तज्ञाचे शिक्षण येथे अभिप्रेत नाही. भाषा, गणित, परिसर अभ्यास यांसारखे विषय शिकविणारा कोणताही शिक्षक याच्या कक्षेत येतो. यंत्र चालविण्याचे कौशल्य आणि त्या यंत्राने शिकविण्याचे कौशल्य ही दोन निराळी असून दुसरे पहिल्यातून आपोआप निष्पन्न होत नाही, हे या प्रशिक्षणाचे मूलतत्त्व होय.

इतिहास : शिक्षणकार्यात संगणक वापरण्याचे पद्धतशीर प्रयोग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ या प्रणालीने सुरू झाले. सीमूर पॅपर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही आज्ञाभाषा तयार केली. भारतात केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये सु. २५० शाळांत संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प हाती घेतला व त्यासाठी ‘बीबीसी मायक्रो’ जातीचे संगणक पुरविले. यंत्रे शाळेत पोचली, तरी ती आपल्या विषयासाठी कशी वापरावीत याची तयारी शिक्षकांस पुरेशी मिळाली नाही, हा या प्रकल्पाचा धडा पुढील योजनांनाही लागू पडला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर (१९८६) स्थापन झालेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांत शैक्षणिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र शाखा ठेवण्यात आली. माध्यमिक शाळांसाठी ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ ही योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली व २०१० मध्ये ती सुधारण्यात आली. शालेय शिक्षणातील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय धोरण २०१२ मध्ये जाहीर झाले.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. त्याच्या आराखड्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन हा स्वतंत्र घटक समाविष्ट झाला आणि शाळेतील अनुभवासाठी किमान २० आठवडे राखून ठेवण्यात आले. घटकाच्या नावातील ‘चिकित्सक’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. छात्राध्यापकाने साधन वापरावे, तसेच ते केव्हा वापरू नये हेही ठरवावे, अशी अपेक्षा त्यात आहे. महाराष्ट्रात महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने (स्थापना २००१) सुरू केलेला ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम शासकीय सेवेसाठी संगणक-अर्हता म्हणून मान्य झाला. त्यामुळे खेड्यापाड्यांतील हजारो शिक्षकांचा व नोकरीच्या उमेदवारांचा संगणकाशी पहिला परिचय झाला. तथापि हा अभ्यासक्रम सर्वसामान्य नागरिकासाठी असून अध्यापनपद्धती हा त्याचा विषय नाही. परिणामी प्रमाणपत्र हाती असूनही वर्गात संगणकाला हात न लावणारा शिक्षक आढळणे अशक्य नाही.

तात्त्विक आधार : विषयाचे ज्ञान आणि अध्यापनपद्धतीचे ज्ञान यांच्या संयोगातून शिक्षकाचे खास ज्ञान घडते, असे ली शुलमन यांनी १९८६ मध्ये प्रतिपादन केले. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाच्या ज्ञानाची भर घातली. अपूर्णांक म्हणजे काय, मुले त्यात कोठे अडखळतात आणि कोणत्या साधनाने ती अडचण दूर होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र जुळावी लागतात. युनेस्कोने शिक्षकांसाठी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व २०११ आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या क्षमता-आराखड्यातही हीच दृष्टी आहे. २०१८ च्या आवृत्तीत १८ क्षमता सांगितलेल्या आहेत.

प्रशिक्षणातील घटक : (१) मराठी टंकलेखन : मराठी माध्यमाच्या छात्राध्यापकाची पहिली खरी अडचण कळफलकाची असते. ‘इन्स्क्रिप्ट’ या प्रमाण कळफलकावर स्वर डाव्या व व्यंजने उजव्या हाताकडे असतात. ‘क’ च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’ आणि काना-मात्रांच्या कळींवर शिफ्टसह मूळ स्वर, अशी त्याची योजना आहे. वर्णमालेची ही व्यवस्था ज्याला ठाऊक आहे, त्यास कळफलक लवकर साधतो. ‘क्ष’ हे अक्षर क, हलन्त व ष या क्रमाने लिहिता येते. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी दिसत असला, तरी व्यंजनानंतर टंकित होतो. जोडाक्षराची फोड मुलांना समजावून देताना हाच क्रम उपयोगी पडतो. युनिकोड ही संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वी प्रत्येक टंकसंचाचे संकेत निराळे असत. त्यामुळे एका संगणकावर तयार केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली असता निरर्थक चिन्हे दिसत. हे कारण माहीत असलेला शिक्षक आपले पाठटाचण युनिकोडमध्येच ठेवतो.

(२) तक्तापत्रक : हजेरी व गुण यांच्या नोंदींसाठी ते शिकविले जाते; परंतु त्याचा शैक्षणिक उपयोग निदानात आहे. उदा., ३० विद्यार्थ्यांनी १० प्रश्नांची चाचणी दिली व वर्गाची सरासरी ६ गुण आली, असे समजू. या सरासरीवरून पुढे काय शिकवावे हे कळत नाही. प्रत्येक प्रश्नासाठी एक स्तंभ करून बरोबर उत्तरास १ व चुकीच्या उत्तरास ० मांडल्यास स्तंभाची बेरीज उद्‌बोधक ठरते. हातच्याच्या वजाबाकीच्या स्तंभाची बेरीज ८ आल्यास २२ मुलांना ती क्रिया पुन्हा शिकविली पाहिजे, हे एका दृष्टिक्षेपात दिसते.

(३) दृक्‌श्राव्य पाठ : प्रक्षेपक, चित्रफीत आणि सादरीकरण यांचा उपयोग येथे शिकविला जातो. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेतांमुळे पानावरून थेट चित्रफितीकडे जाणे शक्य झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत हा प्रयोग करणारे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या १० लक्ष डॉलर रकमेपैकी अर्धी त्यांनी अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांना वाटून दिली. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ पासून उपलब्ध असून त्यावर पाठ व शिक्षकांचे अभ्यासवर्ग दोन्ही आहेत.

ग्रामीण परिस्थिती : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यातील सिल्लोड तालुक्याच्या उदाहरणाने या प्रशिक्षणाची कसोटी स्पष्ट होते. सिल्लोड हे जिल्ह्याच्या ठिकाणापासून ईशान्येस सु. ६५ किमी.वर, जळगावकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. कापूस, मका व मिरची पिकविणाऱ्या या तालुक्यात अध्यापनाचा सराव करणाऱ्यास लहान गावांतील जिल्हा परिषद शाळांत पाठ घ्यावे लागतात. विद्यालयाच्या संगणककक्षात तयार केलेला पाठ वीज नसेल त्या दिवशी तेथे निरुपयोगी ठरतो. म्हणून पाठ फळ्यावरही घेता येईल असे दुहेरी टाचण करणे, चित्रफीत आधीच उतरवून ठेवणे आणि एका भ्रमणध्वनीभोवती चार-पाच मुलांचे गट फिरते ठेवून उर्वरितांना पाटीवरचे काम देणे, ही कौशल्ये अशा ठिकाणी आज्ञावलीच्या ज्ञानाइतकीच महत्त्वाची होत.

साधनाची निवड हाही सरावाचाच भाग आहे. अजिंठा गाव याच तालुक्यात असून लेणी नजीकच्या सोयगाव तालुक्यात, वाघोरा नदीच्या नालाकृती दरीत आहेत. जवळ राहूनही ज्या मुलाने लेण्यांतील चित्रे पाहिलेली नाहीत, त्यास ती पडद्यावर मोठी करून दाखविणे उचित ठरते. याउलट ज्या काळ्या बेसाल्ट खडकात ती लेणी कोरलेली आहेत, तो शेताच्या बांधावर सापडतो. त्याचे चित्र दाखविण्यापेक्षा दगडच मुलाच्या हाती द्यावा. जे हातात देता येते ते पडद्यावर दाखवू नये, हा नियम छात्राध्यापकास अनेक चुकांपासून वाचवितो.

मर्यादा : कोव्हिड महासाथीत मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या, तेव्हा या प्रशिक्षणाची उणीव उघड झाली. घरात एकच भ्रमणध्वनी असून तो वडिलांबरोबर शेतात वा कामावर जात असेल, तर मुलापर्यंत पाठ पोचत नसे. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी सुरू झालेली ‘टिलीमिली’ ही मालिका इंटरनेटवाचून पोचणारी असल्याने उपयुक्त ठरली. अनेक शिक्षकांनी वस्तीवर जाऊन ओट्यावर वर्ग भरविले. साधन कोणाकडे नाही, हे विचारल्यावाचून आखलेला संगणकीय पाठ आधीच मागे असलेल्या मुलाला आणखी मागे ठेवतो, हे त्या काळात दिसून आले.

शाळेतील यंत्रांची देखभाल हीही चिरंतन अडचण आहे. पुरवठ्याची मुदत संपली की नादुरुस्त संगणक कपाटात जातात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने टाचणे व प्रश्न क्षणात तयार करता येतात. मात्र त्यांतील माहितीची व मराठीची पारख शिक्षकालाच करावी लागते. मुलांची नावे, छायाचित्रे व गुण यांची गोपनीयता राखणे हेही त्याचेच कर्तव्य होय. या प्रशिक्षणाचे यश प्रमाणपत्रांच्या संख्येवरून ठरत नाही. वर्गातील शेवटच्या रांगेतील मुलाची अडचण शिक्षकाच्या लवकर ध्यानात येऊ लागली, तरच ते सफल झाले असे म्हणता येते.