डासाच्या पोटातले राखणदार

मांडव्याच्या वाडीकरांनो, हिवतापाचा जंतू डासालाही परकाच, बरं का! ॲनाफेलिस डासाच्या अंगात परक्याला हेरणारी प्रथिनं असतात, वाडीच्या राखणदारासारखी. आफ्रिकेतल्या ॲनाफेलिसमध्ये ‘टीईपी-१’ हे प्रथिन जंतूला चिकटून त्याचा फडशा पाडतं, असं २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. तरी एखादा जंतू निसटतोच. १०-१२ दिवसांत त्याचे हजारो होऊन डासाच्या लाळेत उतरतात.

तेव्हा त्या राखणदारांवर विसंबू नका. विहिरीत गप्पी मासे सोडा, टाक्या झाका, आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करा. अळीचा डासच होणार नाही. अन् ताप अंगावर काढू नका, लगेच रक्त तपासा. रुग्णाच्या रक्तातूनच जंतू नव्या डासात जातो.