अंगालगतचे वस्त्र

शिवलेले वस्त्र या देशात परकीय राजवटींबरोबर आले, हे विधान आपल्याकडे नेहमी निःशंकपणे केले जाते. परंतु त्याची शहानिशा ज्याला करावयाची असेल, त्याला छत्रपती संभाजीनगरहून फार दूर जावे लागत नाही. शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर असलेले पैठण हेच सातवाहनांचे प्रतिष्ठान, आणि त्याच राजवंशातील हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात निळ्या कंचुकाबाहेर डोकावणाऱ्या स्तनाला मेघांतून अर्धवट उगवलेल्या चंद्रबिंबाची उपमा दिलेली आहे. कवीला त्यात सौंदर्य दिसले. शिवणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर कंचुक बेतताना माप चुकले होते, एवढाच त्याचा अर्थ.

उत्तरेकडे सुमारे १०० किलोमीटरवर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, महाजनक जातकाच्या चित्रात, नृत्य करणाऱ्या स्त्रीच्या अंगात लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र स्पष्ट दिसते, आणि ते चित्र वाकाटककालीन, म्हणजे पाचव्या शतकातले आहे. निजाम सरकारच्या आश्रयाने गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरील ग्रंथाचे चार भाग प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही वेशभूषा घरबसल्या न्याहाळण्याची सोय झाली. तथापि कोल्हापूरच्या भानू अथैया, ज्यांना पुढे १९८३ मध्ये ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले, त्यांनी ‘आम्रपाली’ या १९६६ च्या चित्रपटासाठी प्रत्यक्ष अजिंठ्याची लेणीच अभ्यासली. मात्र चित्रकार बाह्या दाखवतो, काठ दाखवतो, पण शिवण कोठून कोठे गेली आणि काखेत काय जोडले, हे दाखवीत नाही. ते जाणून घेण्यासाठी आपल्या आजी-पणजींच्या चोळीकडेच वळावे लागते.

नऊवारी लुगड्याखाली वेगळे वस्त्र लागत नसे, कारण कासोट्यानेच ते काम भागे. परकर रूढ झाला तो पाचवारी गोल साडीबरोबर. म्हणून मराठी स्त्रीच्या अंगालगतच्या शिवलेल्या वस्त्रांत मान चोळीचा. ही चोळी गुळेदगुडच्या खणाची असे, आणि त्या खणाला दोन्ही बाजूंनी काठ विणलेले असल्यामुळे बेतणारी असा हिशेब धरी की काठ बाह्यांच्या टोकाला यावा व कापड वाया जाऊ नये. काखेत चौकोनी तुकडा बसवीत, ज्याला जुने शिंपी चौबगला म्हणत, आणि तो उरेब, म्हणजे तिरका, ताणला जात असल्यामुळे हात वर केला तरी चोळी छातीवरून उचलली जात नसे. युरोपातील अठराव्या शतकातील स्त्रियांच्या शेमीजमध्येही काखेत असाच चौकोनी तुकडा आढळतो. कापड जेथे हाताने विणले जाते, तेथे ते कापून फेकण्याची कोणाचीच छाती होत नाही. पुढे बटणे नसत, स्तनांखाली गाठ असे, आणि त्या गाठीमुळे गरोदरपणात, बाळंतपणात वा म्हातारपणी बदलत्या शरीराला तीच चोळी पुरत असे. आजच्या आखूड, टक्सच्या ब्लाउजला ही उदारता नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशी चोळी आज घरी शिवावयाची, तर प्रथम मांजरपाटावर प्रयोग करावा. कोरे सुती कापड आटते, म्हणून ते आधी रात्रभर पाण्यात ठेवून वाळवावे. शिवणीत सढळ माया ठेवावी. तुकडे लांब धावदोऱ्याने जोडावेत व चोळी अंगात घालून आधी पुढची गाठ बांधावी आणि मगच बाजूची शिवण पक्की करावी. क्रम उलटा केला, तर गाठ ओढली जाते आणि पाठीवर चुण्या पडतात. हात डोक्यावर नेऊन, खाली वाकून, मांडी घालून बसून पाहिल्यावाचून माप ठरले असे मानू नये. वरचे अंगरखे, पैरणी यांची मापे आतले वस्त्र अंगावर असतानाच घ्यावीत, कारण आतल्या कापडाची जाडीही मापात येते.

अंगाला काय लागावे, याचा विचार छत्रपती संभाजीनगरच्या विणकरांनीही केला होता. रेशीम त्वचेला लागू नये, हा मुसलमान पुरुषांवरील धार्मिक निर्बंध मशरू या कापडाने मोठ्या चातुर्याने पाळला: ताणा रेशमी, बाणा सुती, आणि वीण अशी की रेशीम बाहेर झळकावे व सूत आत अंगाला लागावे. अस्तर वेगळे लावण्याचा खटाटोपही त्याने पुष्कळसा वाचवला.

राहिला प्रश्न शिवण्याच्या उत्साहाचा. शिवजयंतीच्या वा गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी ऐतिहासिक वेश करणाऱ्या हौशी मंडळींचे हात आधी जरीकडे वळतात आणि आतली चोळी, बंडी शेवटच्या रात्रीवर ढकलली जाते. कारण जे कोणी पाहणार नाही, त्याची वाहवाही कोणी करणार नाही. पूर्वीच्या घरात उत्साहाची वाटच पाहिली जात नसे. ओटीत आलेले खण पेटीत साठत, आणि बाळंतपण जवळ आले की जुन्या मऊ लुगड्यांची झबली, टोपडी, लंगोट शिवावेच लागत. बारशाचा दिवस काही पुढे ढकलता येत नसे. तेव्हा ज्यांचे काम रखडते, त्यांनी घालण्याची तारीख आधी मुक्रर करावी, सर्व तुकडे एकाच बैठकीत बेतून एका कापडात बांधून ठेवावेत, आणि रोज एकच शिवण घालावी: आज खांदा, उद्या चौबगला, परवा बाही. महिला मंडळात दोघी-चौघींनी मिळून बसल्यास गाठ बांधून पाहताना पाठीकडची चुणी दाखवणारी दुसरी नजरही मिळते, जी आरशाच्या साहाय्याने कधीच मिळत नाही. जरीचा तागा मात्र तोवर कपाटातच कुलूपबंद ठेवलेला बरा.